रस्त्याच्या मधोमध गादी

पंपकाकांचं ठाम मत असं, की जगातली सगळी भांडणं हद्दी नीट न आखल्यामुळे होतात. "माझी हद्द बघा!" असं ते दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला सांगत. येणाऱ्याला बिचाऱ्याला मुंग्यांची पावडर तेवढी हवी असायची. पण नकाशा पाहिल्याशिवाय पावडर मिळत नसे. भिंतीवर शहराचा नकाशा, नकाशावर गुलाबी शाईची रेघ, आणि रेघेच्या अलीकडे जे जे सरपटतं, कुरतडतं, चावतं आणि फटीत दडून बसतं, ते सगळं पंपकाकांचं!

"माझ्या परवानगीशिवाय इथं झुरळ मिशी हलवत नाही!"

"नसेल हलवत काका, पण पावडर द्या ना. दूध उतू जाईल घरी."

तर मंडळी, झुरळं, ढेकूण, उंदीर यांचा बंदोबस्त करणारी एक मोठी कंपनी होती आणि काकांकडे तिची फ्रँचायझी होती. पाठीवर पितळी पंप, कानावर पेन्सिल, आणि खिशात कराराची पुस्तिका. ही पुस्तिका त्यांनी इतकी वाचली होती, की कुठल्या पानावर चहाचा डाग आहे तेही ते नियमाच्या क्रमांकासह सांगत.

गुलाबी रेघ हमरस्त्याच्या बरोबर मधून जायची. अलीकडे काकांचं दुकान. पलीकडे, नाकासमोर, त्याच कंपनीचं, त्याच पिवळ्या पाटीचं दुसरं दुकान. त्याच्या मालकाला काका नुसतं 'पलीकडचा' म्हणत. दोघं एकमेकांशी अकरा वर्षांत एक शब्दही बोलले नव्हते.

कारण एक उंदीर. तो काकांच्या हद्दीतल्या सिनेमा थिएटरात राहायचा. असा दांडगा, की गल्लीतली मांजरं त्याला पाहून फुटपाथ बदलायची. काकांनी त्याला औषध घातलं. त्यानं ते चवीनं खाल्लं, थिएटरातून बाहेर आला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, शिस्तीत रस्ता ओलांडला आणि पलीकडच्याच्या पायरीवर जाऊन प्राण सोडला! आता हा उंदीर कोणाच्या नावावर? काकांनी मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं, "औषध माझं." पलीकडच्यानं लिहिलं, "प्रेत माझ्या हद्दीत." मुख्य कार्यालयानं दोघांना एकमेकांच्या पत्राची नक्कल पाठवली. तेव्हापासून जी पत्रापत्री सुरू झाली, ती काही थांबेना. पंधरा दिवसांत एक तक्रार ठरलेली. तुमची पाटी माझ्या हद्दीतून दिसते. तुमचा पंप फार आवाज करतो. तुम्ही माझ्या हद्दीकडे तोंड करून जांभई देता.

खरं सांगायचं, तर हातानं लिहिलेलं, काकांच्या नावानं येणारं टपाल म्हणजे तेवढंच. पण हे काकांना विचाराल तर ते पंप उगारतील.

आणखी एक गंमत होती. काकांचं राहतं घर पलीकडच्याच्या हद्दीत होतं! घर आधीचं, रेघ नंतरची. म्हणजे शहरभराची झुरळं मारणाऱ्या या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरात फवारा मारायची परवानगी नाही. मारायचं तर पलीकडच्याला बोलवायला हवं. ते मरेपर्यंत शक्य नव्हतं. काकू होत्या तोवर त्या चपलेनं काम भागवत. "चप्पल काही कंपनीची नाही," असं त्या म्हणायच्या. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. आता ओट्यामागे एक झुरळ निवांत नांदत होतं. संध्याकाळी काका ताट वाढून बसले, की ते मिश्या सारख्या करत बाहेर येई.

"या पाहुणे," काका म्हणत, "आज मीठ जरा जास्त पडलंय हं."

पाहुणे कधी तक्रार करत नसत.

काकू गेल्यावर काकांनी दुकान बंदच केलं होतं. तीन महिने कुलूप. मग एके दिवशी टपाल आलं. पलीकडच्याची तक्रार होती: 'यांच्या बंद दुकानातल्या औषधाचा वास वाऱ्याबरोबर माझ्या हद्दीत शिरतो, तरी वाऱ्याला समज द्यावी.' काका अंथरुणातून असे उठले, की चादर पायात अडकून दारापर्यंत आली! दुसऱ्या दिवशी कुलूप उघडलं, ते उघडलंच.

लेक दुसऱ्या शहरात. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन.

"बाबा, आता पुरे झालं. इकडे या. खोली तयार आहे तुमची."

काका एकदा जाऊन आले होते. पंधरा दिवस. खोली इतकी स्वच्छ, की मुंगीसुद्धा नाही! माणसानं करायचं काय तिथं? लेक-जावई कामाला जात आणि काका खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या मोजत.

"दुकान आहे तोवर राहू दे गं मला."

"आणि नसेल तेव्हा?"

या प्रश्नावर हल्ली काका घाईघाईनं फोन ठेवून देत. कारण मुख्य कार्यालयाचं पत्र आलं होतं. त्यांच्याविरुद्ध दोन तक्रारी शाबीत झाल्या होत्या. तिसरी झाली, की हद्द काढून घेणार. नकाशा जाणार, पाटी जाणार, आणि काका त्या मुंगी नसलेल्या खोलीत जाणार.

अशा सगळ्या परिस्थितीत, एका गुरुवारी दुपारी फोन वाजला.

"तुम्ही ढेकूण मारता?" बाईंचा आवाज. दबका.

"बाई, ढेकूण माझं नाव ऐकून स्वतःहून मरतात!"

"हळू बोला! माझी गाद्यांची दुकानं आहेत. चौदा."

काका उभे राहिले. चौदा दुकानं! आजवर त्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे दोन मजल्यांचं लॉज.

बाईंनी जे सांगितलं ते असं. दुकानात झोपून बघायला ठेवलेल्या नमुन्याच्या गाद्यांत ढेकूण झाले होते. एका दुकानाच्या गाद्या दुसऱ्या दुकानात जात, त्यांच्याबरोबर ढेकूणही शाखाविस्तार करत. म्हणून चौदाही दुकानांचं काम एकाच दिवशी, रविवारी, दुकानं बंद असताना व्हायला हवं. आणि बाहेर कुणाला कळता कामा नये. गादीवाल्याकडे ढेकूण म्हणजे धंदाच बसला!

"सगळीकडे तुम्हीच कराल ना? मला दहा लोकांशी बोलायचं नाही. मी सगळं तुमच्यावर सोपवते."

'तुमच्यावर सोपवते.' मंडळी, हे शब्द काकांनी शेवटचे केव्हा ऐकले होते, त्यांना आठवेना. त्या भरात त्यांच्या तोंडून नको ते बाहेर पडलं:

"निश्चिंत राहा बाई! जिथं ढेकूण, तिथं मी!"

फोन ठेवला आणि काकांनी पत्त्यांची यादी नकाशाशी ताडून पाहिली. आठ दुकानं अलीकडे. सहा पलीकडे.

पुस्तिका उघडायची गरजच नव्हती. नियम तोंडपाठ होता. ज्या गिऱ्हाईकाची दुकानं अनेक हद्दींत असतील, ते कोणीही मिळवो, प्रत्येक दुकानाचं काम त्या त्या हद्दवाल्याचं. आधी त्याला विचारायचं. तो लेखी नाही म्हणाला, तरच दुसऱ्यानं तिथं पाऊल टाकायचं.

काकांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिथले साहेब अकरा वर्षं या दोघांची पत्रं वाचून अकाली पिकले होते.

"अहो, समोर तर आहे तो! रस्ता ओलांडा आणि विचारा!"

"बोलत नाही आम्ही."

"मग चिठ्ठी द्या."

"पत्र तुमच्यामार्फत जातं. पद्धत आहे."

"काका, तुमची दोघांची पद्धत ऐकून माझा रक्तदाब वाढतो. एक सांगतो, न विचारता पलीकडे फवारलंत आणि त्यानं लिहून पाठवलं, तर या वेळी मी काही करू शकणार नाही. हद्द जाईल!"

काकांनी लेकीला फोन लावला. "बाबा, मीटिंगमध्ये आहे. तब्येत बरी आहे ना? मग रविवारी बोलू." मग घरी जाऊन त्यांनी पाहुण्यांपुढे सगळी हकीकत मांडली. पाहुण्यांनी एक मिशी डावीकडून उजवीकडे फिरवली. आणि काकांच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला!

डावीकडून उजवीकडे! नियम काय म्हणतो? पलीकडे जाऊन काम करायचं नाही. पण पलीकडचे ढेकूण अलीकडे आले तर? गाद्याच इकडे आणायच्या! सहा दुकानांच्या मिळून छत्तीस गाद्या. अलीकडचा बॅडमिंटनचा हॉल दिवसभरासाठी घ्यायचा, गाद्या रांगेनं मांडायच्या, वाफेचं यंत्र फिरवायचं आणि परत पाठवायच्या. पलीकडे पाऊलच टाकायचं नाही!

"ही आमची विशेष पद्धत आहे," त्यांनी बाईंना सांगितलं. बाईंनी सहाही दुकानांतले मिळून बारा नोकर आणि टेम्पो द्यायचं कबूल केलं.

रविवारी सकाळी काकांनी अलीकडची आठ दुकानं उन्हं चढायच्या आत उरकली. तीस वर्षांचा हात तो! मग छाती काढून ते हमरस्त्यावर आले, आणि तिथंच त्यांच्या छातीतली हवा गेली.

रस्ता बंद होता. धावण्याची शर्यत होती! सहा हजार माणसं बनियनवर नंबर लावून येणार होती. दुपारपर्यंत चाकाचं काहीही रस्ता ओलांडणार नव्हतं. पलीकडे टेम्पो उभा, टेम्पोत छत्तीस गाद्या, गाद्यांत देव जाणे किती ढेकूण, आणि अलीकडे यंत्र फुसफुसतंय.

"हातानं आणा!" काका ओरडले.

"काका, माणसं धावतायत!" पलीकडून टेम्पोवाला ओरडला.

"मग फट बघून आणा!"

नोकर शूर होते. दोघांच्या डोक्यावर एक गादी अशा सहा गाद्या निघाल्या. शर्यतीतली पहिली पन्नास माणसं खरी धावणारी होती, ती सरळ गेली. पण त्यांच्या मागून येणारी मंडळी शर्यतीला केवळ मित्रांच्या आग्रहाखातर आलेली होती. त्यांची जीभ गुडघ्यापर्यंत लोंबत होती. अशा माणसाला रस्त्याच्या मध्यात एक जाड, मऊ, नवीकोरी दिसणारी गादी चालत येताना दिसली, तर तो काय करेल?

पहिला एक लठ्ठ गृहस्थ होता. त्यानं गादीला मिठीच मारली. नोकर खाली, गादी खाली, गृहस्थ वर. "अहाहा! काय सोय केलीय आयोजकांनी!" हे ऐकून मागचे शंभर जण थांबले. बघता बघता सहाही गाद्यांवर माणसं अशी पसरली, की जागेवरून भांडणं लागली. "ओ, सरका जरा!" "मी नंबर लावलाय!" "पाणी बसल्या जागी मिळेल का हो?"

"उठा! उठा!" काका धावत सुटले. "तिथं झोपू नका! आत—" आणि जीभ चावली. कळता कामा नये!

"आत काय आहे?" लठ्ठ गृहस्थानं झोपल्या झोपल्या विचारलं.

"आत... कापूस आहे!"

"मग उत्तमच की!" असं म्हणून गृहस्थानं कूस बदलली आणि मांडी खाजवली.

शेजारच्यानं मान खाजवली. त्याच्या शेजारच्यानं पाठ. दहा मिनिटांत सगळी शर्यत उठून उभी राहिली आणि पुन्हा धावू लागली. पण काय धावू लागली! दमलेली माणसं चित्त्यासारखी सुटली, दोन्ही हातांनी खाजवत! पुढच्या पन्नासांना त्यांनी मागे टाकलं, म्हणतात. त्या वर्षी शर्यतीचे सगळे जुने विक्रम मोडले आणि आयोजकांना कारण अजून कळलेलं नाही.

रस्ता मोकळा झाला. मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर एक गादी आडवी पडली होती, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. काका तिच्या अलीकडच्या अर्ध्या भागावर मटकन बसले.

समोर कुणाची तरी सावली पडली. त्यांनी वर पाहिलं.

पलीकडचा! हातात पुस्तिका, गळ्यात कॅमेरा. जवळून तो बराच म्हातारा निघाला. त्याच्याही पुस्तिकेवर चहाचा डाग होता.

"ही गादी माझ्या हद्दीतली आहे," तो म्हणाला. अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य!

"अर्धीच," काका म्हणाले.

पलीकडचा आपल्या अर्ध्या भागावर बसला. कॅमेरा मांडीवर ठेवला.

"फोटो काढलेत?"

"सगळे. सहाही दुकानांतून गाद्या निघाल्या तेव्हापासूनचे."

काकांच्या डोळ्यांसमोर ती स्वच्छ खोली आली. खिडक्या आल्या.

"एक विचारू?" पलीकडचा म्हणाला. "तीस वर्षं झाली तुम्हाला या कामात. गाद्या उचलून आणल्यात. दुकानातल्या लाकडी चौथऱ्यांच्या फटींचं काय?"

"कसल्या फटी?"

"ज्यात निम्मे ढेकूण बसलेत! गाद्या वाफवून परत ठेवल्या असत्यात, की ते तुमचे आभार मानत वर चढले असते!"

काकांचा चेहरा पडला. शिकाऊ माणूससुद्धा ही चूक करत नाही. रेघेकडे बघता बघता त्यांचं ढेकणाकडेच लक्ष राहिलं नव्हतं.

तेवढ्यात गादीवाल्या बाई आल्या. सहा गाद्या, बारा नोकर आणि पट्ट्यावर बसलेले दोन म्हातारे पाहून त्यांचा पारा चढला.

"हे काय चाललंय? ही तुमची विशेष पद्धत? आणि हे कोण?"

काकांनी तोंड उघडलं. आता खरं सांगायचं म्हणजे शोभा, आणि खोटं सांगायला काही उरलेलंच नव्हतं. पण त्यांच्या आधी पलीकडचा बोलला.

"मी पलीकडच्या सहा दुकानांचा. काकांनी आधीच सांगून ठेवलंय मला. गाद्या जरा ऊन दाखवायला काढल्या होत्या. तीन वाजेपर्यंत काम होईल. फटींसकट."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" बाई करवादल्या. "मला दोन माणसांचं काहीच नव्हतं! मला दुकानं साफ हवीत!"

त्या गेल्या. काका आ वासून बघत राहिले.

"मी कधी सांगितलं तुम्हाला?"

"नाही सांगितलंत. अकरा वर्षांत काहीच सांगितलं नाहीत."

"मग फोटो? तक्रार?"

पलीकडच्यानं कॅमेऱ्याची काच शर्टानं पुसली. "तक्रार केली, तर तुमची हद्द जाईल. मग मी लिहू कोणाविरुद्ध? तुमच्या जागी कुणीतरी तरणा येईल, तो सगळं फोनवर उरकेल. मागे तीन महिने तुमचं पत्र नव्हतं, तेव्हा टपालवाल्याला मी दोनदा विचारलं. मग कळलं, वहिनी गेल्या म्हणून. भेटायला यावं, तर आपलं बोलणं नाही. म्हणून मग ते वाऱ्याचं लिहिलं."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग गादीच्या शिवणीत काहीतरी महत्त्वाचं असावं, तसं शिवणीकडे बरंच पाहिलं.

"वाऱ्याला समज द्यावी," ते म्हणाले. "फार मूर्ख पत्र होतं हो ते."

"सुचेना दुसरं काही."

मग दोघांनी ती गादी दोन टोकांना उचलली. आठ दुकानं काकांची, सहा पलीकडच्याची. तीन वाजता काम संपलं. नियमात पहिल्यापासून जे लिहिलं होतं, नेमकं तसंच, आणि त्यासाठी सहा हजार माणसांची शर्यत खाजवत पळाली!

पण काम संपलं, की दोघंही आपापल्या दारात उभे राहिले. आता पुढे काय? बोलायला कारण हवं ना! काकांनी हात वर केला, तो डोकं खाजवायला होता असं दाखवलं. पलीकडच्यानं मान हलवली, ती मानेच्या व्यायामासाठी होती असं दाखवलं. दोन्ही शटर खाली आली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "एकटेच आहात ना बाबा?" काकांनी ओट्याकडे पाहिलं आणि "म्हटलं तर," एवढंच म्हणाले.

सोमवारी सकाळी पलीकडच्या दुकानातला फोन वाजला.

"नमस्कार. तुमच्या हद्दीतला एक रहिवासी बोलतोय," काकांनी खाकरून सांगितलं. "घरात ढेकूण झालेत. नियमाप्रमाणे मला स्वतःला फवारता येत नाही."

पलीकडचा अर्ध्या तासात हजर. पंप, बॅटरी, भिंग, सगळा सरंजाम. पलंग उलटा केला, फटी तपासल्या, काकूंच्या फोटोमागे अदबीनं पाहिलं. काही नाही. ओट्यामागे बॅटरी नेली, तशी काका मध्ये पडले.

"ते राहू द्या. ते आमचे पाहुणे आहेत."

"ढेकूण कुठायत मग?"

काकांनी जरा इकडेतिकडे केलं आणि खिशातून काडेपेटी काढून टेबलावर ठेवली. पलीकडच्यानं ती अलगद उघडली. आत एक ढेकूण होता. एकच. कालच्या गादीवरचा, चांगला पोसलेला.

पलीकडच्यानं भिंगातून त्याच्याकडे पाहिलं. मग भिंगातूनच काकांकडे पाहिलं. काका छताकडे बघत होते.

"फार पसरलेत," पलीकडचा गंभीरपणे म्हणाला आणि काडेपेटी बंद केली. "चार वेळा तरी यावं लागेल."

तीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला एका ढेकणाला किती फेऱ्या लागतात हे काय सांगायला हवं? काकांनी चहाचं आधण ठेवलं, दुसरा कप शोधायला फडताळात वाकले आणि तिथूनच ओरडले,

"चारांत काय होतंय? तुमच्या हद्दीतले ढेकूण भारी चिवट आहेत, मी लेखी तक्रार करीन हं!"